खटका नसलेला गिअर

भोर सोडून महाडच्या वाटेला लागले की नीरा-देवघर धरणाचे पाणी बराच वेळ सोबत असते. हिर्डोशी मागे पडते, वरंधा घाट सुरू होतो, वाघजाईच्या देवळापाशी गरम भज्यांचा वास येतो आणि समोर एकदम कोकण उघडते. याच घाटाच्या पायथ्याला शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1930 मध्ये ही घळ उजेडात आणली. पुण्याच्या सायकलवाल्यांचा हा आवडता रस्ता. त्यांच्या कार्बनच्या नव्या सायकलींत अधूनमधून एखादी जुनी, पोलादी नळ्यांची सायकल दिसते. तिच्या खालच्या तिरक्या नळीवर बोटभर लांबीचे दोन लिव्हर असतात. गिअर बदलायचे ते या लिव्हरने, आणि त्यांना खटका नसतो.

खटका दाबला की गिअर बिनचूक पडतो, अशी सोय बाजारात येऊन चाळीस वर्षे झाली. तरी काही माणसे हा जुना प्रकार मुद्दाम शोधून बसवतात. ही नुसती जुन्याची हौस असती तर सोडून देता आली असती. पण तिच्या मुळाशी धर्मचिंतनातला एक खरा प्रश्न आहे: सावधपण ही काम नीट व्हावे म्हणून मोजायची किंमत आहे, की ते स्वतःच मिळवण्याजोगे आहे?

आधी तो लिव्हर जवळून पाहायला हवा. त्याच्या आत वॉशर एकमेकांवर दाबून बसवलेले असतात आणि वर इंग्रजी डीच्या आकाराची कडी असलेला स्क्रू असतो. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरमधली स्प्रिंग वायरला सतत ओढत असते; तिला अडवून धरते ते फक्त वॉशरांचे घर्षण. कडी ढिली राहिली तर चढावर लिव्हर हळूहळू सरकतो, चेन आपोआप लहान चकतीवर उतरते आणि पाय जड होतात. मग चालत्या सायकलवरच बोटांच्या चिमटीने ती कडी पाव फेरा आवळायची. गिअर टाकतानाही हिशेब हाताचाच. महाडकडून परतताना माझेरी गाव मागे टाकले की चढ अंगावर येतो. तो येण्याआधीच पायांचा जोर क्षणभर कमी करायचा, एक हात हँडलवरून काढून लिव्हर ओढायचा, चेन मोठ्या चकतीवर चढेपर्यंत किंचित जास्त ओढायचा आणि लगेच केसभर मागे सोडायचा. नेम चुकला तर चेन दोन चकत्यांच्या मध्ये करकरत राहते. ही करकर थांबेपर्यंत लिव्हर हलवत राहायचे. लिव्हर कुठे थांबवायचा, ते कान ठरवतो.

मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञाने 1958 च्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात नेमके सायकलचेच उदाहरण घेतले होते. तोल जाऊ लागला की स्वार त्याच बाजूला हँडल वळवतो, आणि ते किती वळवायचे याचे वेगाशी एक गणिती नाते आहे. सायकल चालवणाऱ्याला ते गणित ठाऊक नसते, आणि ठाऊक करून दिले तरी त्याचा उपयोग होत नाही. माणसाला सांगता येते त्याहून अधिक कळत असते, हे पोलान्यींचे म्हणणे या लिव्हरला चपखल लागू पडते. त्याच्यावर आकडे नसतात. तिसरा गिअर कुठे आहे असे विचारले तर स्वार सांगू शकणार नाही, पण त्याचा हात तिथे जातो.

जपानच्या शिमानो कंपनीने 1984 मध्ये आपल्या ड्युरा-एस संचात खटक्याची पद्धत आणली. लिव्हर एक खटका सरकला की डिरेलर बरोबर एक चकती सरकतो. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट बोर्गमान यांचा तंत्रज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरचा ग्रंथ आला. त्यांचे म्हणणे असे की आधुनिक उपकरण आपल्याला फळ हातात देते आणि ते फळ येते कुठून, ते झाकून टाकते. शेकोटीने घर ऊबदार होते, पण तिच्यासाठी लाकडे लागतात, ती कुणीतरी फोडावी लागतात, सगळे घर तिच्याभोवती जमते. मध्यवर्ती हीटर फक्त ऊब देतो. बोर्गमान सायकलच्या गिअरबद्दल बोलत नव्हते, पण खटक्याने नेमके तेच केले. गिअर मिळाला, चेनशी असलेला संबंध गेला.

तो संबंध जपण्यात परमार्थाचे काही आहे का? दासबोध वाचणाऱ्याला या प्रश्नाचे नवल वाटू नये. अकराव्या दशकात माणसाने काय साधावे याचा क्रम लावताना समर्थ हरिकथा आणि राजकारण यांच्या पाठोपाठ सावधपण ठेवतात, आणि ते प्रत्येक बाबतीत हवे असे बजावतात. प्रयत्नाचा, साक्षेपाचा क्रम त्याच्याही नंतर. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. कष्टापेक्षा अवधान आधी. आणि हे अवधान समर्थांनी फक्त ध्यानाला बसणाऱ्यासाठी राखून ठेवलेले नाही. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास अक्षर कसे लिहावे यावर आहे: लेखणी, शाई, ओळींमधले अंतर, कडेची मोकळी जागा, अक्षराचे वळण. आत्मज्ञानाच्या ग्रंथात बोरू कसा तासावा याला जागा आहे, याचा अर्थ हाताच्या कामातले लक्ष आणि देवापुढचे लक्ष ही समर्थांच्या लेखी दोन वेगळी लक्षे नाहीत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही योग जोडला आहे तो कर्मातल्या कौशल्याशी.

मात्र इथे एक घसरण आहे, आणि सायकलच्या इतिहासात ती घडलेली आहे. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी 1902 मध्ये लिहिले की गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत. जवानाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. सेंत-एत्येनचे पॉल द विवी, म्हणजे ‘वेलोसियो’, गिअरचा हिरिरीने पुरस्कार करत राहिले, तरी टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळायला 1937 उजाडले. देग्रांज यांना पवित्र वाटत होता तो त्रास. जुन्या लिव्हरची बाजू घेणारे काही जण नकळत त्याच पंथाला लागतात: अवघड म्हणून चांगले. हे पटण्यासारखे नाही. देह कष्टवणे ही साधना नव्हे, हे आपल्या संतांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. लिव्हर मोलाचा असेल तर तो लक्ष मागतो म्हणून. दमवतो म्हणून नव्हे.

आणि लक्ष मागणारे सगळेच सगळ्यांसाठी नसते. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, कारण तिचे सूर पट्टीपट्टीला बांधलेले. मींड नाही, श्रुतींना जागा नाही. सारंगीवर किंवा व्हायोलिनवर सूर कुठे आहे ते बोटाला आणि कानाला शोधावे लागते. आक्षेप खोटा नव्हता. पण गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली हीच पेटी काय बोलत होती ते महाराष्ट्राने ऐकले होते, आणि 1971 मध्ये बंदी सैल करावी लागली. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर हरिनाम सप्ताहात पेटीऐवजी सारंगीचा हट्ट धरला असता तर निम्मी भजनी मंडळे उभीच राहिली नसती. बांधलेल्या सुराने गावाला देवापुढे गाता आले. खटक्यानेही हेच केले. शाळकरी पोर, बोटांत संधिवात असलेली बाई, पहिल्यांदाच घाट चढणारा नवखा, या सगळ्यांना त्याने घाटापर्यंत आणले. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या पुणे ग्रँड टूरसारख्या शर्यतीत, खांद्याला खांदा लावून धावणाऱ्या घोळक्यात, हँडलवरून हात काढून खालच्या नळीकडे नेणे हा तर धोकाच. त्या स्वाराचे लक्ष पुढच्या चाकावर आणि शेजाऱ्याच्या कोपरावर हवे.

म्हणून प्रश्न असा मांडला पाहिजे: यंत्राने जे लक्ष मोकळे केले, ते गेले कुठे? शर्यतीतल्या स्वाराचे ते रस्त्यावर गेले, भजन करणाऱ्याचे शब्दांवर. पण एकट्याने, घाई नसताना, गुंजवणीच्या खोऱ्यातून तोरण्याकडे बघत वेल्ह्याला निघालेल्या माणसाचे मोकळे झालेले लक्ष बहुधा मोबाइलच्या पडद्याकडे जाते. त्याच्यासाठी करकरणारी चेन हे बोलावणे आहे. ती त्याला पायांच्या लयीकडे आणि पुढच्या चढाकडे परत आणते. त्याच्या त्या स्वारीत सावधपणाला दुसरे काही काम नसते, आणि तरीही ते असते. ते स्वतःच मिळवण्याजोगे आहे, याचा यापेक्षा साधा पुरावा देता येणार नाही.

जुना लिव्हर निवडण्यात सोयीचाही भाग आहे, आणि तो तालुक्याच्या गावी लगेच कळतो. खटक्याचा लिव्हर चकत्यांमधल्या ठरावीक अंतराशी बांधलेला. सहा चकत्यांचा सातला चालत नाही, एका कंपनीचा दुसरीला अनेकदा जुळत नाही, वायर जराशी ताणली तरी गिअर अडखळतो. घर्षणाच्या लिव्हरला कोणतेही फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा कोणताही संच, चालते. तुटलेल्या वायरीच्या जागी साध्या दुकानात मिळेल ती वायर घालून पुढे जाता येते, कारण उरलेला फरक हात भरून काढतो.

शिमानोलाही हे उमगलेले होते. खटके आणल्यानंतरच्या तिच्या खालच्या नळीवरच्या लिव्हरमध्ये निवडीची सोय होती: कडी एका बाजूला फिरवली की खटके चालू, दुसऱ्या बाजूला फिरवली की नुसते घर्षण. पावसाळ्यात दरडींनी उखडलेल्या वरंध्याच्या रस्त्यावर सायकल आडवी पडून डिरेलर वाकला, तर खटके निकामी होतात. कडी फिरवून, कान लावून भोरपर्यंत पोचता येते. ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत असलेल्या आजच्या संचांत ही कडी नसते. हँडलच्या टोकाला बसणारे काही लिव्हर मात्र अजूनही ती ठेवून बनवले जातात, आणि लांबच्या पल्ल्याला निघणारे लोक ते शोधून मागवतात.