भेटीवरचा कागद

नाताळ आमचा सण नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण मागे एकदा महिला मंडळात मी नाताळच्या गोडधोडाबद्दल काही बोलले तेव्हा एका बाईंनी, ‘तुमच्याकडं नाताळ करतात होय?’ असं जरा चढ्या आवाजात विचारलं होतं. करत नाही. पण बेळगावात कॅम्पाच्या अलीकडं ज्या गल्लीत मी लग्न होऊन आले, तिथं आमच्या भिंतीला भिंत लागून गोव्याकडचं एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. शेजारच्या घरात सण आहे आणि आपल्या घरात मात्र साधा मंगळवार, असं काही होत नाही.

चोवीस तारखेला दिवस मावळायच्या आत आंटींचं ताट आमच्याकडं येतं. मावळायच्या आत, कारण आमच्या घरात रात्री खात नाहीत हे त्यांना तीस वर्षांपासून पाठ आहे. त्यांची ती संध्याकाळ म्हणजे किती गडबडीची! पाहुणे, कपडे, मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी. पण ताट कधी उशिरा आलं नाही. वर पांढरा क्रोशाचा रुमाल, खाली नेवऱ्या, कुलकुलं आणि दोदोल. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत या गोडधोडाला आणि ते शेजारीपाजारी वाटायच्या रीतीलाही ‘कोंसुआद’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज, ताटातले जिन्नस मात्र बरेचसे आपलेच. नेवरी म्हणजे आपली करंजी. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ यांचं. ते आटेपर्यंत ढवळत उभं राहावं लागतं, हात भरून येतो. बिबिंक मात्र आमच्याकडं कधी येत नाही, कारण त्यात अंड्यांचे बलक असतात. दोदोलसाठी आंटींनी एक पितळी पातेलं वेगळंच ठेवलंय, त्यात अंड्याचं काही करत नाहीत. “अगो, तुझ्या वाट्याचं वेगळं काढलंय हां,” म्हणतात. ते ताट आणि तो रुमाल माझ्याकडून रिकामा परत जात नाही, हे सांगायला नकोच. आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं पाठवत नाहीत.

ताटाबरोबर माझ्या मुलीसाठी काहीतरी छोटं असायचं. ती शाळेत असताना एका वर्षी आलं ते लाल कागदात गुंडाळून, कागदावर हिरवी काटेरी पानं. कागद इतका छान की फाडवेना. मी चिकटपट्टी हलकेच सोडवली, मंद इस्त्री फिरवली आणि दिवाळीला त्याच कागदात आंटींच्या नातीला पुस्तक दिलं. आंटींनी कागद ओळखला, हसल्या, आणि पुढच्या नाताळला तोच परत आला. तेव्हापासून तो दोन घरांत ये-जा करतोय. दर खेपेला कडा फाटतात, कातराव्या लागतात, म्हणून भेटही लहान लहान होत गेली. आधी डबा मावायचा, मग पुस्तक, मग पेन्सिलीची पेटी.

हे झालं दोन घरांतलं गमतीचं. पण माणसाला एखादी गोष्ट जमली की तिचं तत्त्वज्ञान करायची खोड असते. मला तर आहेच.

त्या वर्षी पर्युषणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मंडळात बोलायची पाळी माझी होती. मी तयारी करून गेले होते. भेटवस्तूंचा चकचकीत कागद पुष्कळदा नुसता कागद नसतोच, त्यावर प्लास्टिकचा थर असतो. तो मुठीत चुरगाळून सोडला आणि आपोआप उलगडला, तर त्याचा लगदा होऊन पुन्हा कागद व्हायचा नाही असं समजावं. चमकीचा कण न् कण बहुधा प्लास्टिकचाच असतो. युरोपात सुट्या प्लास्टिक-चमकीच्या विक्रीवर २०२३ मध्ये बंदी आली. आपल्याकडं १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आहे, त्यांत मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची पातळ फिल्म आहे, सजावटीचं थर्मोकोलही आहे. मग मी बस्तीतल्या ग्रंथांकडं वळले. आपली शास्त्रं पिढ्यान्‌पिढ्या कापडी वेष्टनात बांधून ठेवलेली. वेष्टन सोडायचं, वाचायचं, पुन्हा बांधायचं. वेष्टन कधी कुणी फेकत नाही. बायकांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

त्या बरं वाटण्यातच घोटाळा होता. मी ठरवून टाकलं की यंदा नाताळला विकतचं कुणालाच काही द्यायचं नाही. सगळं घरचं, हातचं, आणि जुन्या कागदात.

आमच्याकडं कामाला येतात त्या मावशी ख्रिस्ती आहेत. अकरा वर्षं झाली येतात. पोरगा आणि पोरगी, दोघंही शाळेत. दर नाताळला मी मावशींना साडी आणि पोरांना कपडे घेत असे, दुकानातून, दुकानाच्याच कागदात. त्या वर्षी मी जुन्या इरकल साडीच्या दोन पिशव्या शिवल्या. मुलीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून दोन वह्या बांधल्या, वर साडीचं कापड चिकटवलं. एक डबा नेवऱ्या. सगळं इस्त्री केलेल्या जुन्या कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलं. दिसायला खरंच देखणं होतं. मुलीला फोटो पाठवला, तिनं पुण्याहून चार बदाम पाठवले.

मावशींनी ते दोन्ही हातांनी घेतलं. काही बोलल्या नाहीत. सव्वीसला कामाला आल्या, भांडी घासता घासता पाठमोऱ्याच म्हणाल्या,

“बाई, यंदा घरात कायतरी अडचण आहे काय ओ?”

“नाही. का हो?”

“नाही, असंच. साहेबांचं काय दुकानात कमीजास्त झालं काय म्हटलं.” मग थोड्या वेळानं, “पोरं म्हणाली, आई, हे आधीच कुणीतरी उघडलेलं आहे.”

मी काय बोलणार? पर्यावरणाचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजीच होती. तक्रार असती तर बरं झालं असतं, मला वाद तरी घालता आला असता.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती अजून जात नाही. त्या ‘घरच्या, हातच्या’ नेवऱ्या कुणाच्या हातच्या होत्या? नारळ मावशींनी खवलेले. पीठ त्यांनीच मळलेलं. कडा त्यांनीच मुरडलेल्या, कारण माझ्या तेलात फुटतात. आंटींना, जावेला, बँकेतल्या बाईंना, सगळ्यांना मी ‘मी घरी केल्यात हं’ म्हणून पाठवल्या, आणि शेवटी एक डबा ज्यांनी केल्या त्यांनाच भेट म्हणून दिला. बरं, केल्या कधी? बावीस आणि तेवीस डिसेंबरला, दोन्ही दिवस संध्याकाळी सातपर्यंत थांबवून. ज्या दोन दिवसांत त्यांच्या स्वतःच्या चुलीवर कढई चढायची, ते दिवस माझ्या साधेपणात खर्ची पडले. दुकानातून मिठाई आणली असती तर निदान त्या वेळेवर घरी गेल्या असत्या.

आपण बायका ‘घरचं’ हा शब्द फार सहज वापरतो. घरचं म्हणजे विकतचं नव्हे एवढंच त्यातून कळतं. कुणाच्या कमरेचं, कुणाच्या मनगटाचं, ते कळत नाही.

दहा धर्मांत त्याग आधी येतो आणि आकिंचन्य त्याच्या नंतर. इतक्या वर्षांत हा क्रम मी नुसता म्हणत आले होते. पण जे हातात आहे तेच सोडता येतं ना? मावशींच्या पोरांच्या हातात नवा कोरा कागद वर्षातून एकदा यायचा. तो फाडायचा टर्रकन आवाज, आत काय आहे ते कळायच्या आधीचे ते दोन क्षण, हे त्यांचं होतं. ते मी परस्पर सोडून टाकलं आणि त्याग माझ्या नावावर लावून घेतला. आंटींच्या आणि माझ्या घरात तोच कागद फिरतो तेव्हा ती गंमत असते, कारण दोघींनाही नवा कागद कधीही आणता येतो. तोच कागद एक उंबरा खाली उतरला की त्याचा अर्थ बदलतो. जिला आयुष्यभर उतरलेले कपडे, उरलेलं अन्न आणि निरुपयोगी झालेल्या वस्तू ‘घेऊन जा’ म्हणून मिळाल्या, तिला जुन्या कागदातली भेट आणखी एक उतरलेली वस्तूच वाटणार. त्यात तिची समज कमी पडली असं नाही. अकरा वर्षांच्या अनुभवानं तिला बरोबरच शिकवलेलं होतं.

गृहस्थाला अपरिग्रह पूर्ण सांगितलेला नाही, परिग्रहाचं परिमाण करायला सांगितलंय. किती साड्या, किती दागिने, किती जमीन, याची मर्यादा आपली आपण घालायची, स्वतःसाठी. दुसऱ्याचं परिमाण आपण ठरवावं असं कुठल्याच श्रावकाचारात माझ्या वाचनात आलेलं नाही. आणि माझं स्वतःचं त्या डिसेंबरचं परिमाण काय होतं? पुतण्याच्या लग्नासाठी मी चार साड्या घेतल्या होत्या. चारही साड्या प्लास्टिकच्या खिडकीच्या खोक्यांत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून साठ डबे आणले, तेही प्लास्टिकचेच. (तुमच्याकडंही असले डबे असतील. माझ्या माळ्यावर तर वाणाचाच एक कोपरा आहे.) तिथं मला मुठीत चुरगाळायची परीक्षा आठवली नाही. साधेपणा मी तिथंच केला जिथं तो मला सगळ्यात स्वस्त पडत होता.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची खूण मूर्च्छा अशी सांगितली आहे. वस्तू किती आहेत यापेक्षा आपण त्यांत किती गुंगलो आहोत, हे पाहायचं. मी साड्यांत गुंगले होते हे तर उघडच. पण त्या सुतळीच्या गाठी बांधून फोटो काढताना मी माझ्या साधेपणातही तितकीच गुंगले होते.

एकोणतीस तारखेला मी मावशींकडं गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पोरांनी बुटांच्या खोक्याचा गोठा केला होता. आत वाळलं गवत, मातीची गुरं, एकाचं शिंग मोडलेलं. नारळाच्या करवंट्यांत नाचणी पेरून हिरवळ उगवलेली, नाताळच्या आधी आठवडाभर पेरतात म्हणे. दाराशी नक्षत्र होतं. त्याचा बांबूच्या कामट्यांचा सांगाडा चार वर्षांपूर्वीचा. दर वर्षी तो भिंतीच्या खिळ्यावरून उतरवायचा आणि पतंगाचा नवा कागद लावायचा. बाराशे तेवीस साली इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावी असिसीच्या फ्रान्सिसनं पहिला गोठा मांडला तेव्हा गवत, एक बैल आणि एक गाढव एवढीच सामग्री होती असं मी वाचलं होतं. या खोलीत त्याहून फार जास्त नव्हतं. फळीवर दुधाच्या पिशव्या धुऊन, घडी घालून ठेवलेल्या, भंगारवाल्यासाठी. माझ्या वह्यांपैकी एकीत पोरीनं हिशेब सोडवले होते. इरकलीच्या पिशवीत मसूर.

मी ज्यावर व्याख्यान देत होते ते या घरात न बोलता चाललेलं होतं. आणि कचऱ्याचा त्रास कुणाला, म्हणाल तर तोही यांनाच. आमच्या गल्लीतली खोकी, फिल्म, थर्मोकोल जिथं जाऊन पडतं त्याच्या बाजूनं त्यांचा नाला वाहतो. पावसाळ्यात तो तुंबला की मावशी उशिरा येतात आणि मी घड्याळाकडं बघते.

मुलीला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मग काय आता परत तो चमकीचा कागद आणणार? सगळ्यांनी असाच विचार केला तर कुणीच बदलायचं नाही.” तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. कागदाला श्रीमंत-गरीब कळत नाही, प्लास्टिकचा थर कुणाच्याही हातून पडला तरी तसाच राहतो. पण बदलायचं आधी कुणी, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर ‘जिला नाही म्हणता येत नाही तिनं’ असं असू नये, एवढं मला कळलं. मग पुढच्या नाताळला मी पतंगाचा कागद आणला, लाल आणि हिरवा, कोरा करकरीत. त्यात प्लास्टिक नसतं आणि फाटतो तर असा झकास! पोरांना काय हवंय ते आधीच विचारून घेतलं. पोराला फुटबॉल, पोरीला कंपासपेटी. विकतचं. मुलगी म्हणते ही तडजोड आहे. असेल. आमचा वाद अजून मिटलेला नाही, आणि वाणाचे डबे बंद केल्यावर मला त्यात थोडं बोलायला तोंड मिळालंय.

आता वीस डिसेंबरपासून मावशींना पगारी सुट्टी असते. नेवऱ्या मी एकटीच करते. नारळ खवताना बोटं सोलतात, कडा अजून धड मुरडता येत नाहीत. गेल्या वर्षी चाळीसपैकी सात तेलात फुटल्या, त्या आम्ही घरातच खाल्ल्या. आंटींकडं पाठवल्या त्यांतलीही एक वाकडी होती, ती त्यांनी बरोबर ओळखली. “ही तुझी,” म्हणाल्या. तो लाल कागद आता साबणाच्या वडीपुरता उरलाय. यंदा तो पाठवायची पाळी त्यांची.