मनूचा मासा आणि काचेतली पिल्लं

शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट आपल्याला आठवते ती प्रलयासाठी. माशाच्या शिंगाला बांधलेली नाव लक्षात राहते, त्याआधीचं मात्र विसरायला होतं. हात धुताना मनूच्या हाती एक चिमुकला मासा लागतो आणि आधी स्वतःचाच जीव वाचवायला सांगतो. लहानपणी मोठे मासे आम्हाला गिळतात, तेव्हा मला मडक्यात ठेव, तिथे मावेनासा झालो की खड्ड्यात, आणि मग समुद्रात सोड, असं त्याचं मागणं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मनू पुन्हा भेटतो: मत्स्यन्यायाने गांजलेली प्रजा वैवस्वत मनूला राजा करते. मोठा मासा लहानाला खातो हे आपल्या परंपरेने नाकारलं नाही, पण त्यातून तिने हात झटकायची सवलत काढली नाही. कुणीतरी पालकत्व घेतलं पाहिजे, असं काढलं. घरच्या टाकीत मुद्दाम पैदास केलेली पिल्लं मेली तर जबाबदार कोण, या प्रश्नाकडे मी इथूनच पाहतो. माझ्या मते ती जबाबदारी पूर्णपणे पाळणाऱ्याची, आणि माशांनी अंडी घालावीत म्हणून टाकीत पाइप ठेवला त्या दिवसापासूनची.

व्हिपटेल कॅटफिशच्या पैदाशीत हे फार स्पष्ट दिसतं. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा हा मासा. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, तोंड खालच्या बाजूला, चिकटून राहणारं, शेपटी चाबकासारखी निमुळती. त्यातल्या रिनेलोरिकारिया गटाचा नर पोकळीत अंडी राखतो. म्हणून हौशी मंडळी त्याच्या अंगाबेताचा पीव्हीसी पाइप किंवा बांबूचा तुकडा टाकीत ठेवतात, थोडं गार पाणी घालून पावसाचा भास निर्माण करतात. गालांवर खरखरीत दाढी असलेला नर मग अंड्यांवर ठाण मांडतो, परांनी पाणी खेळवतो, तोंडाने अंडी साफ करतो. साधारण आठवडाभरात पिल्लं बाहेर पडतात आणि बापाचं काम संपतं. पुढचे थोडे दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर निघतात. त्यानंतर? नदीत दगडांवर, बुडालेल्या लाकडांवर शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा थर असतो. पिल्लू चिकटेल तिथे त्याचं ताट. टाकीची काच आपण घासून लख्ख केलेली असते. तिला चिकटलेलं पिल्लू पाठीकडून धडधाकट दिसतं. बाहेरून, पोटाच्या बाजूने पाहिलं तरच पोट खपाटीला गेलेलं कळतं. पिल्लांसाठी केलेल्या वेगळ्या टाकीत त्याला गिळणारं कुणी नसतं, ते उपाशी मरतं. उकडलेली काकडी, पालक, स्पिरुलिनाची पूड, नुकती उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे), हे दिवसातून अनेकदा द्यायचं आणि उरलेलं कुजू नये म्हणून पाणी बदलत राहायचं. नदी जे आपसूक करत होती, ते सगळं आता एका माणसाच्या गळ्यात असतं.

पहिला आक्षेप ठरलेला: निसर्गातही बहुतेक पिल्लं मरतातच. रोहू लाखांनी अंडी घालतो, तो या नासाडीच्या हिशेबानेच. व्हिपटेलचा हिशेब निराळा आहे. अंडी मोजकी, आणि वर राखणदार बाप. शिवाय नदीत मेलेलं पिल्लू कुणाच्या तरी पोटात जातं, टाकीतलं स्पंज फिल्टरमध्ये. कुणी गीतेचा आधार घेतो: अंडी माशांनी घातली, मी निमित्तमात्र. पण अर्जुनाला निमित्त व्हायला सांगितलं ते उठून लढण्यासाठी. त्या उपदेशाने कर्तेपणाचा अभिमान गळावा, काम गळू नये. आणि समोरच्या योद्ध्यांचं मरण आधीच ठरलेलं होतं; इथे तर पाइप ठेवणाऱ्याने ठेवला नसता तर गोष्ट सुरूच झाली नसती.

माशांना वेदना कळतात का, हा वाद जुना आहे. 2003 मध्ये जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं, तरी वाद मिटला नाही. जैन दर्शन मासा पंचेंद्रिय ठरवून मोकळं होतं. माझा युक्तिवाद मात्र वेदनेवर उभा नाही, ज्याने परावलंबी जीव घडवला त्याच्यावर तो उभा आहे. पापलेट खाणाऱ्याने हे बोलावं का, असंही विचारलं जाईल. खाण्यासाठी मारणं योग्य की अयोग्य हे निराळं प्रकरण. त्यात मरणाला निदान काही कारण असतं, आळसाने उपाशी ठेवण्याला तेवढंही नाही. घरची पैदास नदीतली पकड कमी करते, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण नदीतल्या माशाची जागा जगलेलं पिल्लूच घेतं.

खरी अडचण तिसऱ्या भांड्याची आहे. मडकं आणि खड्डा, म्हणजे छोटी टाकी आणि मोठी टाकी, पैशाने मिळतात. मनूजवळ शेवटी समुद्र होता, माशाचा स्वतःचा. व्हिपटेलचं पाणी पाराना आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यांत आहे. जास्तीची पिल्लं गावच्या तळ्यात सोडणं म्हणजे भूतदया नव्हे. याच कुळातल्या सकरमाउथ माशांनी भारतातल्या जलाशयांत काय गोंधळ घातलाय, ते मच्छीमारांना विचारावं. तेव्हा घेणारा ठरलेला नसेल तर पाइप काढून ठेवावा. अंडी पडलीच, तर ती पहिल्याच दिवशी काढणं हे पिल्लं उपाशी मारण्यापेक्षा कमी वाईट, असं मला वाटतं. जैन मुनी हे मान्य करणार नाहीत. त्यांचा आक्षेप मला खोडता येत नाही. पण तोही पाइप न ठेवण्याच्याच बाजूने जातो.