एका यंत्राची उपासना

बोरगावच्या भजनी मंडळातील एखाद्या तरुणाने सॉफ्टवेअर सिंथेसायझर, म्हणजे संगणकावर नाद घडविणारे वाद्य, शिकावयाचे ठरविले, तर विनामूल्य मिळणारीच इतकी आहेत की आयुष्य निवडीतच सरावे. एकच धरणे हा इतरांचा अव्हेर नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जवळच्या जामसावळीच्या मारुतीपुढे नित्य बसणारा भक्त विठोबाला नाकारीत नाही.

मात्र धरावयाचे ते पारखून. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. मुख्य आक्षेप तिच्या अचल स्वरांवर होता. म्हणून आम्ही २०१८ साली सर्वांस खुला झालेला ‘सर्ज’ सुचवू. त्यात स्वरांतरे आपणांस हवी तशी बांधता येतात. (रूप काहीसे रुक्ष आहे खरे.)

तयार नाद चाळीत बसू नये. एकच तरंग घ्यावा, फिल्टर हळूहळू मिटावा, नाद कोठे मंदावतो ते कानाने टिपावे. आठवड्याभरात कंटाळा येईल, आणि खरा प्रश्न तेथेच उभा राहतो: नवे यंत्र उघडण्याची ओढ जिज्ञासेची, की त्या कंटाळ्यापासून पळण्याची? एकादशीच्या भजनात गायकाच्या षड्जाशी आपला सूर मिळेपर्यंत तरी दुसरे उघडू नये, एवढेच आम्ही त्यास सांगू.