डब्यातलं मीठ

डबाबंद क्रीमी सूप म्हटलं की आपण आधी ‘प्रिझर्व्हेटिव्ह’वर बोट ठेवतो. आरोप चुकीच्या जागी जातो. १८९७ साली अमेरिकेत जॉन डोरन्स यांनी आटीव सूप डब्यात आणलं; असं सूप टिकतं ते हवाबंद डब्यामुळे आणि त्याला दिलेल्या कडक उष्णतेमुळे. मीठ असतं ते मुख्यतः चवीसाठी, आणि खरी अडचण तीच आहे. क्रीम ऑफ मशरूमच्या एका सर्व्हिंगमध्ये सोडियम ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सहज असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी २००० च्या आत राहायला सांगते. शिवाय एक सर्व्हिंग म्हणजे अख्खा डबा नव्हे, हे बारीक अक्षर वाचतो कोण! दाटपणाही पुष्कळदा पीठ, स्टार्च आणि तेलाचाच.

घरच्या सुपात लोणी-साय सढळ हाताने ओतली तर वेगळं काय, असं कोणी विचारेल. खरंच, फारसं काही नाही. पण घरी लाल भोपळ्याचा गर घोटून दाटपणा आणता येतो, मीठ शेवटी चाखून घालता येतं; डब्यात ते आधीच ठरलेलं असतं. वेळ नसेल तेव्हा कमी सोडियमचा डबा उघडून त्यात गाजर-मटार शिजवले तरी चालतील, फक्त वरून मीठ नको.