गुपित राखावे की लेकरू राखावे?

समजा की नववी-दहावीत शिकणारे एखादे मूल दिवेलागणीच्या वेळी आपणांकडे आले, बराच वेळ दाराशी घुटमळले, आणि शेवटी हळूच म्हणाले, ‘‘मला आता जगावेसे वाटत नाही; पण हे कोणाला सांगू नका.’’ अशा वेळी आपले कर्तव्य कोणते? विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवणे हा सज्जनाचा धर्म होय, आणि संकटात सापडलेल्या जिवाला वाचविणे हाही सज्जनाचाच धर्म होय. जेथे हे दोन्ही धर्म एकमेकांच्या आड येतात, तेथे कोणता मोठा मानावा?

हा प्रश्न रिकाम्या वेळेचा नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपल्या हाताने जीव दिला. त्यांपैकी १,७६४ एकट्या महाराष्ट्रातील असून हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. त्याच वर्षी २,२४८ मृत्यूंच्या नोंदीत परीक्षेतील अपयश हे कारण लिहिलेले आढळते. असे दुःख शहरातील मुलांनाच होते असे कोणी समजू नये. शिंदखेडा तालुक्यातील कोरडवाहू शेतावर राबणाऱ्या बापाचा मुलगा जेव्हा दहावीला बसतो, तेव्हा त्याच्या पाठीवर पुस्तकांच्या ओझ्याबरोबर घरातील कर्ज, धाकट्या बहिणीचे लग्न आणि गावाची अपेक्षा ह्यांचेही ओझे असते. शिरपूर-साक्रीकडील आश्रमशाळांत राहणाऱ्या लेकरांना तर रात्री रडू आले असता आईचा पदरही जवळ नसतो.

शाळेची सुरक्षितता म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे कुंपण, फाटक, पहारेकरी व कॅमेरे येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची वार्ता ऐकून सर्व महाराष्ट्र हळहळला, आणि सरकारने शाळांतून कॅमेरे, तक्रारपेटी, नोकरांची चौकशी अशा गोष्टींविषयी कडक आज्ञा काढल्या. त्या योग्यच होत्या. परंतु कुंपण बाहेरून येणाऱ्याला अडविते. मुलाच्या मनात शिरलेल्या निराशेला ते अडवीत नाही. कॅमेऱ्याला मुलगा वर्गात बसलेला दिसतो. पण त्याने तीन दिवस डबा उघडला नाही, हे कोणातरी माणसालाच दिसावे लागते.

असे पाहणारा एक मनुष्य आपल्या खानदेशातच होऊन गेला. शिंदखेड्याहून ज्या लोहमार्गाने आपण जळगावास जातो, त्याच मार्गावर अमळनेर आहे. तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते, आणि तेथील छात्रालयही त्यांनी सांभाळले. मुलांची अंथरुणे आवरणे, खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी बसून त्याची शुश्रूषा करणे, ही कामे ते स्वतः करीत. ते मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढीत. ज्या वडील माणसाने आपली चादर घडी केली, त्याच्यापाशी मनाची घडी विसकटल्याचे सांगण्यास मुलाला भय वाटत नाही. मुलाने बोलावे अशी अपेक्षा करण्यापूर्वी, ज्याच्यापाशी बोलता येईल असे आपण व्हावे, हे वडील माणसांचे पहिले कर्तव्य होय.

तथापि ह्याच थोर पुरुषाच्या चरित्रात दुसराही एक धडा आहे, व तो जड अंतःकरणाने सांगावा लागतो. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट केला. त्यावरून त्यांच्या प्रेमाला उणेपणा येत नाही. परंतु इतरांचे अश्रू पुसणाऱ्या मनुष्यालाही मनाचा आजार गाठू शकतो, आणि त्याचेही कोणी ऐकावे लागते, हे मात्र त्यावरून कळते. म्हणून सगळा भार एकट्या मायाळू शिक्षकावर टाकून शाळेने स्वस्थ बसणे हे त्या शिक्षकावर व मुलांवर, दोघांवरही अन्याय करणे होय. प्रेमाला व्यवस्थेची जोड हवी.

ही व्यवस्था म्हणजे काय? विहिरीत मूल पडल्यावर दोर शोधावयास धावू नये, तो आधीच काठावर बांधलेला असावा, एवढेच. शाळेने शांत दिवसांतच ठरवून ठेवावे की कोणी मुलाने असे काही सांगितले, तर त्याच्याजवळ कोण बसेल, घरी कोण कळवील, दवाखान्यात सोबत कोण जाईल, आणि ते मूल शाळेत परत आल्यावर त्याच्याशी कसे वागावयाचे. हे कागदावर लिहिलेले असावे आणि शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांस ठाऊक असावे. ज्या मुलाला असा त्रास आहे, त्याच्याबरोबर बसून त्याचाही एक लहानसा कागद करावा: मन खचू लागल्याच्या खुणा कोणत्या, त्या वेळी काय केले असता बरे वाटते, कोणाकडे जावयाचे, आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर बोलावयाचे. असे क्रमांक आज आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, व मराठीतही बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणम येथे परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना, देशातील सर्व शिक्षणसंस्थांकरिता १५ नियम घालून दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. लहान शाळांनी बाहेरील जाणत्या व्यक्तींशी संबंध ठेवावा. सर्व नोकरवर्गाला वर्षातून निदान दोन वेळा शिक्षण द्यावे. मदतीचे क्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळक लिहावेत. आणि गुणांवरून मुलांस चारचौघांत लाजवू नये, असे त्यांत आहे. आपल्या गावच्या शाळेच्या भिंतीवर तो क्रमांक आहे काय, हे पाहण्यास व नसल्यास नम्रतेने विचारण्यास कोणत्याही पालकाला फार शिकलेले असावे लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गुपित राखण्यात पुण्य आहे, ते ज्याचे गुपित त्याच्या हितासाठी आहे. जे गुपित राखल्याने त्याचाच घात होतो, ते राखणे हा विश्वासूपणा नव्हे. म्हणून ‘‘कोणाला सांगणार नाही’’ असे वचन मुलाला आरंभीच देऊ नये. त्याला म्हणावे, ‘‘बाळ, तू मला सांगितलेस हे फार बरे केलेस. मी तुझी गोष्ट गावभर करणार नाही. पण तुला वाचविण्यासाठी ज्याला सांगणे भाग आहे, त्याला आपण दोघे मिळून सांगू.’’ त्याला एकटे सोडू नये. ज्यांना सांगणे अवश्य आहे त्यांनाच सांगावे. पारावर किंवा सभेत त्याचे नाव घेऊन बोलू नये. दुःखाचे मूळ घरातच असेल, कोणी मारझोड करीत असेल, तर त्याच घरी नेऊन सांगणे म्हणजे कोकराला लांडग्याच्या स्वाधीन करणे होय. तेथे १०९८ ला कळवावे. आणि बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले असता ते अधिकाऱ्यांना कळविणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेथे गप्प राहण्याची मोकळीक कोणालाही नाही.

कोणी म्हणेल की निराशा ही श्रद्धेची उणीव आहे, तिला उपदेश हेच औषध. अशांनी एलीयाची गोष्ट आठवावी. तो रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला दोष दिला नाही. त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. बोलणे पुष्कळ पुढे झाले. आपण मात्र बहुधा भाकरीच्या आधी बोध वाढतो.

आणखी एक गोष्ट ह्या कापसाच्या मुलखात विशेष सांगावयाची आहे. फवारणीची औषधे आपल्या घरांत खाटेखाली, कोनाड्यात उघडी पडलेली असतात. मरणाची इच्छा पुष्कळदा वादळासारखी येते व ओसरते. ती ओसरेपर्यंत घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो. श्रीलंकेत अति विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली गेली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. तेव्हा औषधाला कुलूप घालावे आणि किल्ली मोठ्या माणसापाशी ठेवावी. हेही शाळेच्या योजनेचेच अंग होय, कारण मूल शाळेतून सुटते ते घरीच येते.

निकालाचे दिवस दरवर्षी येतात. त्या दिवशी गावात पेढे वाटले जातात, आणि ज्याच्या घरी पेढे नाहीत असे एखादे मूल मळ्याकडे किंवा रुळांकडे एकटेच चालू लागते. वाचकहो, त्या दिवशी पहिल्या आलेल्याच्या घरी जाणारे पुष्कळ असतील. आपण दुसऱ्या घरी जावे, मुलाजवळ बसावे, आणि गुणांविषयी काही न विचारता, ‘‘जेवलास का?’’ एवढेच आधी विचारावे.