पाहुणा किती दिवसांचा?

भाद्रपदात बाप्पा घरी येतात तेव्हा त्यांच्या येण्याइतकेच त्यांचे जाणेही ठरलेले असते. कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच, कोणाकडे थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. तेवढे दिवस आपण वेळ, झोप आणि पैसा यांचा हिशोब ठेवत नाही. पण जाण्याचा दिवस ठाऊक असतो म्हणून तर आपण इतके उदार होत नाही ना?

हा प्रश्न माझ्या मनात आला तो एका प्रवासामुळे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. पुढे एका सुट्टीत अशीच एक गाडी भाड्याने घेऊन आम्ही चौघे पुण्याहून पंढरपूरला निघालो. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर हा माउलींच्या पालखीचाच रस्ता. गाडीत ओटा होता, पलंग होते, पाण्याची टाकी होती. नव्हती ती फक्त रात्री गाडी उभी करायला जागा! नातेपुत्यात अंधार पडल्यावर एका घरी विचारले. घरच्या काकांनी अंगणातला ट्रॅक्टर बाहेर काढून आमची गाडी आत घ्यायला लावली आणि घरातून वायर ओढून दिवा दिला. काकूंनी न विचारताच ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा आणून ठेवला. सकाळी मी पैसे पुढे केले, तर काका म्हणाले, "अहो, वारीत हजारो माणसं येतात. तुमची चार काय जड झाली आम्हाला?"

आपल्या बहारीनमध्येही हे अनुभवाला येते. थंडीत सखीरच्या वाळवंटात तंबूंची वस्ती उभी राहते. तिथे आमची मोटार वाळूत रुतली, तेव्हा जवळच्या तंबूतून चार-पाच बहारिनी तरुण आले आणि दोर बांधून त्यांनी ती ओढून काढली. गहवा आणि खजूर घेतल्याशिवाय मात्र त्यांनी आम्हाला सोडले नाही.

नातेपुत्याचे अंगण आणि सखीरचा तंबू, दोन्हीकडचा चांगुलपणा अगदी खरा होता. पुन्हा भेट होण्याची शक्यता नसताना केलेल्या मदतीत परतफेडीची अपेक्षा कुठून असणार? तरीही एक गोष्ट लक्षात येते. दोन्हीकडे आम्ही निघून जाणार होतो.

जुन्या लोकांनी ही मर्यादा नीट ओळखली होती. पाहुण्याला देव मानावे, असा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे. पण एकच रात्र राहतो तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड मनुस्मृती करते. इस्लामी परंपरेत पाहुणचार तीन दिवसांचा सांगितला आहे. त्यापुढे जे द्यायचे ते दान, आणि पाहुण्यानेही यजमानाला जड होईल इतके राहू नये. आपल्याकडची म्हण तर तिसऱ्या दिवशीही मुक्काम न हलवणाऱ्याची अक्कलच काढते!

मग चौथ्या दिवशी काय?

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आपण सारे चौथ्या दिवसाचे पाहुणे आहोत. या बेटावर निम्म्याहून अधिक वस्ती बाहेरून आलेल्यांची आहे. सिंधमधल्या थट्टा गावाहून आलेले व्यापारी इथे स्थिरावले. मोत्यांच्या व्यापाराने हे बेट आणि मुंबई जोडली गेली होती. त्या व्यापाऱ्यांच्या समाजाने मनामाच्या बाजारात उभारलेल्या श्रीनाथजींच्या मंदिराला दोनशे वर्षे झाल्याचा सोहळा २०१९ साली झाला. दोनशे वर्षांचा मुक्काम नुसत्या पाहुणचारावर टिकत नाही. तिथे पाहुण्याचा शेजारी व्हावा लागतो.

मला वाटते, पाहुणचार आणि शेजारधर्म यांतला फरक इथेच आहे. पाहुण्याला आपण आपले उत्तम ते देतो, आणि तो जातो. शेजाऱ्याला मात्र रोजचे द्यावे लागते. त्याच्या स्वयंपाकाचा वास, त्याची निराळी सुट्टी, त्याची अडलेली गोष्ट चालवून घ्यावी लागते, आणि त्यालाही आपली. एका रात्रीच्या औदार्याला मोठे मन पुरते. वर्षानुवर्षांच्या सोबतीला सहनशीलता लागते. म्हणून पहिल्याचे मोल कमी होत नाही. अंगण उघडण्याची सवय असलेल्या माणसालाच पुढे शेजार जमतो. पण पाहुणचार करून आपले कर्तव्य संपले असे मानणे मला पटत नाही.

आपल्या इमारतीचे जिने झाडणारा माणूस आठ-दहा वर्षे रोज दिसतो. रमजानमध्ये किंवा दिवाळीत आपण त्याच्या हातावर डबा ठेवतो, तो झाला पाहुणचार. त्याचे नाव, गाव, त्याची मुलगी कितवीत आहे, हे किती जणांना ठाऊक असते? त्याच्या पगाराला उशीर झाला तर तो कोणापाशी बोलेल? नव्याने आलेल्या मराठी मुलाला पहिल्या आठवड्यात चार घरची जेवणाची आमंत्रणे येतात. सहाव्या महिन्यात, तो तापाने खोलीत पडलेला असताना, कोण फोन करते?

येत्या विसर्जनाला आपण बाप्पांना पुढच्या वर्षी लवकर या म्हणू आणि ते जातील. मंडपात आपल्या शेजारी उभी असलेली माणसे मात्र दुसऱ्या दिवशीही इथेच असतील. त्यांतल्या एकाची तरी, आरत्या संपल्यावर, नीट ओळख करून घेऊया.