सात टाक्या, मग रंग

"अठरा हजारांत नवी करून देतो," चाचांनी बॉनेटवरून हात फिरवत सांगितलं. तळहाताला रंगाची सालपटं चिकटली. ती त्यांनी पँटला पुसली आणि पुढच्या दाराकडे वळले.

गाडी म्हणजे आमची २०१२ सालची सिल्व्हर अल्टो, एमएच-२०. गंगापूरला घरासमोर ती दोन वर्षं उन्हात उभी होती. आधी बाबांचा मोतीबिंदू, मग गुडघे, आणि मग एक दिवस त्यांनी स्वतःहूनच किल्ली खुंटीला लावली. मी पुण्यात राहतो, मला गाडी लागत नाही. एप्रिलमध्ये आठवडाभर घरी आलो तेव्हा ती विकायचं ठरलं. गिऱ्हाईकही घरबसल्या मिळालं. कायगावकडचे एक काका, बाबांच्या जुन्या ओळखीतले. त्यांना आईला महिन्यातून दोनदा संभाजीनगरला घाटीत न्यावं लागतं आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही.

चुलतभावाने हिशेब मांडून दिला. आहे तशी दाखवली तर लाखाच्या वर कुणी जाणार नाही. रंग मारून दाखवली तर दीड लाख कुठे गेले नाहीत. वाळूजला एका बूथवाल्याने ४८ हजार सांगितले होते, वैजापूर रोडच्या शेडमध्ये चाचा १८ हजार सांगत होते. मग प्रश्न सोपा होता: स्वस्तातलं करायचं की चांगलं?

तीस हजारांचा फरक नेमका कशाचा, हे मी आधी समजून घेतलं. गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात एकावर एक थर चढतात. पत्र्याला धरून बसणारा फॉस्फेटचा थर, गंज रोखणारा प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे एखाद्या कागदाएवढी जाडी. मराठवाड्याचं ऊन आधी क्लिअर कोट खातं. आमच्या टपावरून निघणारी सालपटं त्याचीच होती. चांगला पेंटर हे जुनं घासून काढतो, रबरं आणि हँडल उतरवतो, प्रायमर मारतो, धूळ गाळलेल्या हवेच्या बूथमध्ये रंग मारून साठेक अंशांवर वाळवतो. स्वस्तात काम करणारा हँडलला वर्तमानपत्र चिकटवतो, वरवर पॉलिश पेपर फिरवतो आणि उघड्या शेडमध्ये गन चालवतो. पहिले काही महिने दोन्ही गाड्या सारख्याच चमकतात. फरक एक-दोन पावसाळ्यांनंतर कळतो. पण तोवर गाडी माझी नसणार होती.

हे वाक्य मनात आलं तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. सगळेच तसं करतात.

चाचांनी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली आणि स्क्रू ड्रायव्हरने पत्र्यावर टकटक केलं. तिसऱ्या ठोक्याला टोक आत गेलं. दाराखालच्या रनिंग बोर्डलाही तेच झालं. गंजाचा भुगा फरशीवर सांडला.

"इथं काय करायचं?" मी विचारलं.

"इथं जाळी लावू, वरून पुट्टी, वरून कलर. कळायचं नाही."

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. शिंपी 'आत दुमडून घेतो' म्हणतो ना, तसंच. मी विचारलं, नीट करायचं तर? तर म्हणाले, सडलेला पत्रा कापावा लागेल, नवा वेल्ड करावा लागेल, त्याचे आठ-नऊ हजार वेगळे. "पण बेटा, विकायचीच आहे ना? विकायच्या गाडीत कोणी हे करत नाही."

अल्टोसारख्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. रनिंग बोर्ड आणि तळ सडला म्हणजे सीट ज्याला धरून आहे तेच सैल झालं. आणि त्या सीटवर काका बसणार होते, शेजारी त्यांची आई.

त्या रात्री मी झोपेपर्यंत स्वतःशी वकिली करत होतो. मी खोटं कुठे बोलतोय? गाडी समोर उभी आहे, काकांनी बघावी, मेकॅनिक आणावा, मॅट उचलावी. त्यांनी विचारलं तर मी सांगेनच. न विचारलेलं सांगणं हे माझं काम आहे का?

माझी ही वकिली दोन हजार वर्षांहून जुनी आहे. रोमन लेखक सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात एक घर विकायला काढलेलं आहे. घराचं लाकूड कुजलंय, खोल्यांत साप निघतात, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्याने सांगावं का? यावर बॅबिलोनचा डायोजेनिस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर असे दोन तत्त्वज्ञ समोरासमोर उभे आहेत. डायोजेनिस म्हणतो की मालकाने कुणाला बळजबरी केलेली नाही. न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. आपल्याच मालाचे दोष ओरडून सांगणारा विक्रेता कुणी पाहिलाय का? अँटिपेटर म्हणतो की माणसाला चुकीच्या वाटेने जाताना बघून गप्प राहणं हा जर दोष, तर त्याला जाणूनबुजून चुकीत ढकलणं त्याहून वाईट. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. समोरच्याला जे कळायला हवं ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणं, म्हणजेच लपवणं, असा त्याचा निवाडा आहे.

खरं सांगायचं तर डायोजेनिसचं मला बऱ्यापैकी पटतं. ओएलएक्सवर जुना फोन विकताना आपण सगळे डायोजेनिसच असतो. पण माझ्या बाबतीत त्याचीही वकिली तोकडी पडत होती. त्याचा घरमालक निदान गप्प तरी होता. मी गप्प राहणार नव्हतो. मी भोकावर पुट्टी भरून, त्यावर सिल्व्हर मारून, 'इथे पत्रा आहे' असं १८ हजार रुपये खर्चून सांगणार होतो. रंग हे एक विधान असतं. ते तोंडाने केलं नाही म्हणून कमी खोटं होत नाही.

कायद्याचंही गमतीशीर आहे. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. सिल्व्हरची लाल केली तर आरटीओला कळवावं लागतं. सिल्व्हरवर सिल्व्हर मारला तर काहीच करावं लागत नाही. रंग कोणता, याला कागदावर जागा आहे. रंगाखाली काय, याला नाही. ती जागा विकणाऱ्याच्या मनावर सोडलेली आहे.

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. आमचा तालुका वाळूजचा. १९८५ साली तिथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या शेडच्या शेड उभ्या राहिल्या. अशाच एका छोट्या कंपनीच्या पेंट शॉपमध्ये बाबांनी सव्वीस वर्षं काढली. उपदेश करायची त्यांना सवय नाही. ते एवढंच म्हणाले, "आमच्याकडं सात टाक्या होत्या."

सात टाक्या म्हणजे काय, हे वाळूजच्या कुठल्याही पेंट शॉपमधला माणूस बोटांवर मोजून दाखवेल. पहिलीत पत्र्यावरचं तेल निघतं, दुसरीत तो धुतला जातो, तिसरीत गंज निघतो, चौथीत पुन्हा धुणं, पाचवीत फॉस्फेट चढतं, सहावीत पुन्हा धुणं, सातवीत तो थर पक्का होतो. मग पत्रा वाळतो आणि त्यानंतर रंग. सातांपैकी एकाही टाकीत रंग नाही. बाबा म्हणाले की माल कमी पडला, वेळ कमी पडला, तर कोणता शहाणा सुपरवायझर टाकी गाळायचा आणि कोणता शेड थोडी फिकी जाऊ द्यायचा, यावरून माणूस ओळखू यायचा.

मला माझं उत्तर तिथे मिळालं. पैसे सगळ्यांकडेच कमी असतात. काटकसर करण्यात काही पाप नाही, स्वस्त दुकानात जाण्यातही नाही. प्रश्न एवढाच की कात्री कुठे लावली. दिसणाऱ्या भागावर लावली तर लोक हसतील, पण ते हसणं माझ्या वाट्याला येईल. न दिसणाऱ्या भागावर लावली तर त्याची किंमत दुसरा कुणीतरी भरेल, आणि आपण काय भरतोय हे त्याला कळणारही नाही.

मग ४८ हजारवाला बूथ गाठला की सुटलो का? तेही खरं नाही. बूथवाल्यालाही मी मॅट उचलून दाखवली नसती, तर त्याने तेच भोक जास्त सुंदर झाकलं असतं. महागडा आणि मनापासून दिलेला थरसुद्धा फसू शकतो, याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. याच अल्टोने आम्ही एकदा अजिंठ्याला गेलो होतो. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने तिथल्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून लोरेंझो चेकोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी धरून ठेवला. पण चित्रांवर त्यांनी चपडा लाखेचा जो थर दिला, तो काळाबरोबर पिवळा-काळपट पडला आणि चित्रंच झाकोळली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर सावकाश काढत बसावं लागलं. माणसं नामांकित होती, हेतू चांगला होता, पैसाही होता. तरी थर देताना खाली काय आहे आणि पुढे त्याचं काय होईल, हा प्रश्न सुटत नाही.

न दिसणाऱ्या भागात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला सगळ्यात उशिरा दिसली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तेव्हा चाचा कुणाच्या तरी व्हॅनवर गन मारत होते. तोंडाला रुमाल. शेजारी सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, त्याच्या तोंडाला तोही नाही. हल्लीच्या टू-के रंगात जे हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवाऱ्यातून ती फुप्फुसात जातात आणि त्यातून दमा जडू शकतो. एकदा शरीर बिथरलं की मग जराशा वासानेही त्रास होतो. रुमालाने धूळ अडेल, वाफ अडत नाही. त्यासाठी हवा खेचून देणारा किंवा निदान योग्य कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि कार्ट्रिज बदलत राहावे लागतात. अठरा हजारांत ते कुठे बसणार? म्हणजे अठरा हजार हा आकडा शक्य होता तो काही अंशी त्या पोराच्या उघड्या तोंडामुळे. तीन दिवस भाव करताना मी याला 'बजेट' म्हणत होतो.

पण मी तिथे न गेल्याने त्याची फुप्फुसं वाचणार होती का? नाही. फक्त त्याची मजुरी बुडाली असती. आपले हात स्वच्छ ठेवणं आणि दुसऱ्याचं भलं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरी समजायची आपल्याला फार हौस असते.

शेवटी काम चाचांनाच दिलं. सडलेला पत्रा कापला, नवा वेल्ड केला, सांध्यांत सीलंट भरलं, प्रायमर मारला, तळाला काळा अँटी-रस्ट थर दिला. साडेनऊ हजार रुपये. टपाला आणि बॉनेटला हात लावायचा नाही, असं सांगितलं. चाचा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी लग्नाला बनियन घालून निघालो होतो. वाळूजहून दोन मास्कही आणून दिले. निघायच्या दिवशी बघितलं तर ते खिळ्याला टांगलेले. "चाळीसच्या वर पारा आहे बेटा, गुदमरायला होतं," चाचा म्हणाले. त्यावर मला काही बोलता आलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मी पाच मिनिटंही उभा राहू शकत नव्हतो.

काकांना काम चालू असतानाचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. ते आले, वाकून खालून बघितलं, मॅट उचलून बघितली. मग उभे राहून टपाकडे बघत म्हणाले, "खालचं बेस केलं दादा. पण वरून काहून सोडली? गावात नेल्यावर लोक म्हणतील, भंगार उचलून आणलं."

आणि याच मुद्द्यावर त्यांनी भाव पाडला. पंच्याण्णव हजार. प्रामाणिकपणाचं बक्षीस मिळतं असं कुणी म्हणालं तर माझा हा हिशेब त्याला दाखवायला तयार आहे.

त्या क्षणी राग आला, पण नंतर वाटलं की काकांचंही चूक नव्हतं. दिसणं ही काही फालतू गोष्ट नाही. पहिल्यांदा दारात चारचाकी उभी करणाऱ्या माणसाला ती चमकावी असं वाटणं यात मानाचा भाग आहे. मी पुण्यात बसून सालपटं निघालेल्या गाडीला 'खरी' म्हणू शकतो, कारण मला ती गावातून चालवत न्यायची नाही. चमक वाईट नव्हती. ती कुणाला अंधारात ठेवून आणलेली नसावी, एवढंच.

जूनमध्ये काकांनी फोटो पाठवला. टप आणि बॉनेट लख्ख. काम चाचांकडूनच करून घेतलेलं. दारांपेक्षा सिल्व्हर थोडा जास्त उजळ आला होता, लांबूनही कळत होतं.

मी फोन बाबांना दिला. त्यांनी डोळे बारीक करून, बोटांनी फोटो मोठा करून बघितला.

"शेड जुळली नाही," ते म्हणाले. मग फोन परत देताना विचारलं, "खाली काय आहे ते त्याला माहीत आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.